दोन इंच की चार इंच?

रिव्हॉल्व्हर एकच घ्यायचंय, परवान्यानुसार जवळही बाळगायचंय आणि रेंजवर सरावही करायचाय. मग नळी केवढी?

आधी नेमबाजी. आखूड नळी मुळात बेभरवशाची नसते. हात भक्कम टेकवून झाडली तर २ इंचीच्या गोळ्याही एकमेकींच्या जवळ बसतात. अडचण नेम धरण्यात आहे. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर कमी असल्यामुळे केसभर चूकही लक्ष्यावर मोठी होते. ४ इंचीवर ती चूक डोळ्याला आधी दिसते, म्हणून शिकायला तीच बरी.

वजनात उलटं. ॲल्युमिनियम फ्रेमचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोच्या आत असतं, तर मध्यम फ्रेमचं ४ इंची पोलादी साधारण एक किलो. दिवसभर कमरेला हा फरक चांगलाच जाणवतो. पण हलक्याचा धक्का हाताला झोंबतो. पन्नास गोळ्यांनंतर सराव नकोसा होतो.

गोळीचा वेगही आखूड नळीत घटतो. .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचा तर आवाज आणि आगीचा झोत वाढतो, फायदा त्या मानाने थोडा. शिवाय इजेक्टर रॉड, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी, तोकडा असल्यानं त्या कधी अर्ध्यावरच अडकतात. ही गोष्ट विकत घेताना फारसं कुणी तपासत नाही, जरूर तपासा.

रोज कपड्यांखाली लपवून बाळगणाऱ्यानं २ इंची घ्यावं आणि सौम्य गोळ्यांवर नियमित सराव करावा. रेंजवरच जास्त वेळ जाणार असेल किंवा हे पहिलंच शस्त्र असेल, तर ४ इंची. दोन्ही निम्मंनिम्मं असेल तर ३ इंची हातात धरून पाहा; बऱ्याच मॉडेलांत रॉडही पुरेसा लांब मिळतो.