नागपुरात मोठ्या आरसी जेटचे किट बनवायचे, तर लाकूड की फायबर?

पंख दोन मीटरच्या वर आणि पोटात खरं टर्बाइन (छोटं जेट इंजिन), अशा आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या मॉडेल जेटचे किट बनवून विकायचा विचार असेल, तर सगळ्यात आधी एक ठरवा: लेसरने कापलेलं बाल्सा (अतिशय हलकं लाकूड) आणि प्लायचं किट विकणार, की साच्यातून काढलेलं फायबरग्लासचं? जागा, भांडवल, गिऱ्हाईक, अगदी कुरिअरचं बिलसुद्धा यावरच ठरतं. माझं मत आधीच सांगतो. मोल्डिंगमध्ये मुरलेला माणूस भागीदार म्हणून नसेल, तर लाकडापासून सुरुवात करा.

लाकडाच्या किटमध्ये तुमची खरी मालमत्ता म्हणजे ड्रॉइंगची फाइल. नाक बसेना, चाकांच्या गिअरची जागा चुकली, तर फाइल बदला आणि दुसऱ्या दिवशी नवा फॉर्मर, म्हणजे सांगाड्यातली आडवी फळी, कापा. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या आणि एमडीएफची कामं करणाऱ्या लेसरवाल्याकडून सुरुवातीला जॉबवर्क करून घेता येतं, मशीन लगेच घ्यावी लागत नाही. प्लाय मात्र निवडून घ्या. फिनॉलिक गोंदाचं वॉटरप्रूफ प्लाय जड असतं आणि लेसर त्याच्या गोंदाच्या थरात अडतो. कडा कोळशासारखी काळी पडते, खालची बाजू सुटत नाही. यमुनानगरकडचं हलकं पॉप्लर प्लाय बरं. बाल्साचा भाव आपल्या हातात नाही. तो मुख्यतः इक्वेडोरहून येतो, आणि २०२० मध्ये पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी मागणी वाढली तेव्हा जगभर त्याची टंचाई झाली होती. म्हणून पंखांना फोमचा गाभा आणि वर पातळ बाल्सा, असं डिझाइन ठेवलेलं चांगलं.

फायबरचं गणित वेगळं. आधी प्लग घडवायचा, म्हणजे विमानाचा भरीव नमुना. तो घासून आरशासारखा करायचा, त्यावरून साचे काढायचे. प्लगवर राहिलेली एक रेघ पुढे प्रत्येक किटवर उमटते. पहिलं किट विकण्याआधीच काही महिने आणि बरंच भांडवल साच्यात अडकतं. त्यात आपला उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी, म्हणजे फायबरग्लासचं कापड घट्ट धरणारं रेझिन, हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास देणारं रेझिन नवतपात ४५ अंशांना सात-आठ मिनिटांत हातातल्या डब्यातच तापून घट्ट होतं. कुलर लावून भागत नाही, कारण हवेतल्या ओलाव्याने इपॉक्सीवर मेणचट थर धरतो. एसी खोलीच हवी. शिवाय नुसत्या खोलीच्या तापमानाला सुकलेलं साधं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतं. गडद रंगाचं विमान मे महिन्याच्या उन्हात उभं केलं की ती वेळ सहज येते. म्हणजे ते उष्णतेने पक्कं करायला अख्खं फ्यूजलाज (विमानाचं धड) मावेल अशी भट्टीही आली.

मग फायबर कशाला? कारण गिऱ्हाईक तिकडे आहे. मोठं जेट घेणाऱ्या बहुतेकांना महिनोन् महिने बांधत बसायचं नसतं. रंगासकट साच्यातून निघालेली बॉडी हवी असते. आणि नागपूरला हे काम परकं नाही. मिहानमध्ये बोइंग ७८७ चे कंपोझिट फ्लोअर बीम बनतात, म्हणजे कसलेले हात शहरात आहेत.

विमानाच्या निवडीत हा फरक स्पष्ट दिसतो. एचएएलचं किरण मार्क २ हे प्रशिक्षण विमान घ्या: सरळ निमुळते पंख, साडेदहा मीटरच्या थोडी वर लांबी. १:५ प्रमाणात पंख आणि लांबी दोन्ही २.१ मीटरच्या आसपास येतात, आणि आकार लाकडात बसतो. एचएफ-२४ मारुत या लढाऊ विमानाचं फ्यूजलाज मात्र एरिया रूलप्रमाणे (जास्त वेगात हवेचा अडथळा कमी करायच्या नियमाने) कमरेत आवळलेलं आहे. ते दुहेरी वळण प्लायच्या पट्ट्यांत नीट येत नाही, त्याला साचाच पाहिजे. पहिलं किट किरणचंच काढावं, असं मला मनापासून वाटतं.

कुरिअरचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. हवाई कुरिअरवाले बहुधा लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनाहून जास्त असेल तर तेवढ्या किलोंचे पैसे लावतात. सपाट भरलेलं लाकडी किट १२०×४०×२० च्या खोक्यात, म्हणजे सुमारे १९ किलो. दोन तुकड्यांतलं फायबर फ्यूजलाज १३०×५०×४५ मध्ये मावलं तरी ५८ किलोंच्या वर. माल तेवढा जड नसतो, पैसे हवेचे जातात.

कायदा दोघांनाही सारखाच. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोंपर्यंतचं, छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल असेल, तर टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या डिझाइनला सरकारी मान्यता) लागत नाही. ही मर्यादा इंधनासकट एकूण वजनाची आहे, म्हणून किटच्या खोक्यावर रिकामं वजन स्पष्ट छापा. चाचणीसाठी सोनेगाव विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जाऊच नका. उमरेड किंवा काटोलच्या बाजूला मोकळी जागा शोधा आणि ती डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हिरवी (उडवायला मोकळी) आहे का, हे पाहूनच जागामालकाशी बोला.