तीन वेळा अलाइनमेंट केलं आणि स्टेअरिंग ढिलंच राहिलं, जुनी व्हॅन असेल तर हे वाचा

तीन महिन्यांत तीन वेळा अलाइनमेंटचे पैसे दिले, वर चार बॉल जॉइंट (चाकाकडचा भाग सस्पेन्शनच्या आर्मला जोडणारे गोळीचे सांधे) आणि दोन टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारी टोकं) यांचं बिल भरलं, आणि शेवटी कळलं की यातलं जवळजवळ काहीच झालेलं नव्हतं. पैशाचं दुःख आहेच पण त्याहून जास्त संताप याचा आहे की त्यांनी खरा दोष झाकण्यासाठी जे केलं त्यामुळे एका वळणावर गाडी समोरच्या लेनमध्ये जाता जाता वाचली आणि तेव्हा मागे घरचे बसले होते. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

व्हॅन जुनी आहे, रॅकवाली नाही, स्टेअरिंग बॉक्सवाली, म्हणजे स्टेअरिंगच्या टोकाला दात असलेली एक पेटी आणि तिथून पुढे जोडलेल्या दांड्यांनी चाकं वळतात. बॉक्सवाल्या गाडीत थोडा प्ले असतोच, म्हणजे स्टेअरिंग जरासं हललं आणि चाक हललं नाही तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण माझ्या गाडीत स्टेअरिंग दोन-अडीच इंच फिरल्यावर कुठे चाकाला कळायचं. सरळ रस्त्यावर सतत डावी-उजवी दुरुस्ती करत बसायचं, तासाभरात खांदे भरून यायचे. खड्ड्यात गेलं की खालून टक्क असा आवाज. आणि पुढचं डावं टायर आतल्या बाजूने खाल्लेलं.

गॅरेजमध्ये गेलो तर मुलाने गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही, एक राउंड मारून आला आणि म्हणाला, "साहेब अलाइनमेंट आऊट आहे, करून टाकू, सगळं टाईट होईल." इथेच पहिली थाप होती आणि ती मला तेव्हा ओळखता आली नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते: टो (वरून बघितलं तर चाकं पुढे आत वळलीत की बाहेर), कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय), कास्टर (बाजूने बघितलं तर चाक ज्या अक्षावर वळतं तो किती झुकलाय). ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेने झिजतं. पण स्टेअरिंग फिरवलं आणि चाक जागचं हललंच नाही, हा मधल्या कुठल्यातरी जॉइंटमधला ढिलेपणा आहे, आणि तो जगातलं कुठलंही अलाइनमेंट काढू शकत नाही. दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बऱ्याचदा दोन्ही एकत्र येतात हे खरं, पण क्रम कायम एकच, आधी ढिले पार्ट, मग अलाइनमेंट.

पहिल्यांदा केल्यावर दोन दिवस गाडी बरी वाटली (का ते नंतर कळलं, त्यांनी हवा नीट भरली होती, त्याआधी एका पुढच्या टायरात 26 आणि दुसऱ्यात 35 होती, ओढायला तेवढं पुरेसं आहे). दोन आठवड्यांनी परत तेच. परत गेलो तर म्हणे रस्ते खराब आहेत, अलाइनमेंट हललं असेल, पुन्हा करावं लागेल. यावेळी प्रिंटआऊट दिलं, आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे, बघून माणूस गप्पच होतो. तिसऱ्यांदा मात्र मी चिडलो तेव्हा मालक स्वतः आला आणि म्हणाला चारही बॉल जॉइंट गेलेत, दोन्हीकडचे टाय रॉड एंड गेलेत, ते बदलून वर अलाइनमेंट करावं लागेल, गाडी संध्याकाळपर्यंत ठेवा. ठेवली. संध्याकाळी खाली वाकून दाखवलं, सगळे जॉइंट काळे कुळकुळीत, ग्रीस चमकतंय, आणि स्टेअरिंग खरंच घट्ट. प्ले जवळजवळ शून्य. मी समाधानाने पैसे दिले.

तीन-चार दिवसांत लक्षात आलं की वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही. आधी ढिलं होतं पण परत तरी यायचं, आता वळवून सोडलं की तिथेच अडकून राहायचं, हाताने ओढून आणावं लागायचं. फोन केला तर म्हणाले नवीन पार्ट आहेत, चालवून चालवून मोकळं होईल. त्याच आठवड्यात उताराच्या एका डाव्या वळणानंतर रस्ता लगेच उजवीकडे होता आणि स्टेअरिंग मधे अडलं, जोर लावला तर एकदम सुटलं आणि गाडी पलीकडे गेली. समोरच्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं.

मग ओळखीच्या एकाने एका जुन्या मेकॅनिककडे पाठवलं. आम्ही त्यांना काकाच म्हणतो, वय झालंय पण अजून स्वतः खाली उतरतात. त्यांनी गाडी पिटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) घेतली, चाकं जमिनीवरच ठेवली, इंजिन चालू, आणि मला आत बसवून म्हणाले स्टेअरिंग थोडं थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहा, पूर्ण फिरवायचं नाही, फक्त प्लेएवढं. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू हवं, नाहीतर त्याचाच प्ले धरला जातो. ते खाली एकेका जॉइंटवर बोट ठेवत गेले. दहा मिनिटांनी मला खाली बोलावलं आणि पोराला आत बसवलं, म्हणाले आता तुम्ही हात लावून बघा.

मी बघितलं. सेंटर लिंक म्हणजे मधला आडवा दांडा, ती एका बाजूला बॉक्सच्या पिटमन आर्मला (बॉक्समधून बाहेर येऊन फिरणारा हात) असते आणि दुसऱ्या बाजूला आयडलर आर्मला (चॅसीवर बसवलेला नुसता आधाराचा हात) टांगलेली असते. पिटमन आर्म हलला की लिंक सरळ आडवी सरकायला पाहिजे, तर माझी लिंक आयडलरच्या बाजूला आधी वर उचलली जायची आणि मग सरकायची. आयडलरचा बुश (सांध्यातलं अस्तर) पूर्ण खलास. आणि डावीकडचा बाहेरचा टाय रॉड एंड, ज्याचे मी नवीन म्हणून पैसे दिले होते, तो बोटाला टकटक लागत होता.

"हे बदललेले नाहीत?" मी विचारलं. काकांनी टॉर्च मारला, स्प्लिट पिन दाखवली. टाय रॉड एंडचा आणि बॉल जॉइंटचा खाचांचा नट असतो, त्यात स्प्लिट पिन घालून वाकवलेली असते. जॉइंट काढायचा तर पिन काढावीच लागते आणि परत बसवताना नवी घालायची असते. माझ्या सगळ्या पिना गंजून नटाला चिकटलेल्या, वरून काळा रंग मारलेला, नखाने खरवडला तर खाली गंज. एकही जॉइंट निघालेला नव्हता. टो सेट करायला टाय रॉडवरचे क्लॅम्प आणि नट सैल करावे लागतात, तिथल्या आट्यांवर वर्षानुवर्षाची माती तशीच, पाना लागल्याची एक खूण नाही. म्हणजे तीन अलाइनमेंटमध्ये एकदाही टोला हात लागलेला नव्हता.

मग मी ते प्रिंटआऊट दाखवलं. त्यात कॅम्बर जवळपास 1 अंशाने सुधारलेला. माझ्या व्हॅनमध्ये कॅम्बर वरच्या आर्मच्या मागच्या शिम (पातळ पट्ट्या) कमी-जास्त करून बदलतो, आणि ते बोल्ट मातीत गाडलेले होते. काका एवढंच म्हणाले की मशीन कागद देतं, बोल्ट खोटं बोलत नाही.

आणि तो घट्टपणा? स्टेअरिंग बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो, लॉक नटवाला. सगळ्या गाडीत तेवढ्याच एका नटावर ताज्या पान्याच्या खुणा होत्या. तो आवळला की वरवर प्ले गायब होतो. पण बॉक्स सगळ्यात जास्त झिजतो तो मधे, सरळ चालताना, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. कडेचे दात कमी झिजलेले असतात. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला तर वळणावर तेच दात एकमेकांत जॅम होतात. काकांनी खात्री करायला लिंक पिटमन आर्मपासून सोडवली आणि स्टेअरिंग फिरवायला सांगितलं, चाकांचा काही संबंधच नाही, तरी दोन्ही बाजूला एका ठिकाणी हाताला अडकत होतं. कास्टर कमी असला किंवा एखादा बॉल जॉइंट सुकून जॅम झाला तरी स्टेअरिंग परत येत नाही, म्हणून ही टेस्ट महत्त्वाची, दोष बॉक्समध्येच आहे हे नक्की होतं. ढिला जॉइंट तसाच ठेवून बॉक्स आवळणं म्हणजे माझ्या जिवाशी खेळ होता, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

दुरुस्तीआधी काकांनी मला टो मोजायला शिकवलं. दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, खडूने मधोमध रेघ मारायची, दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजायचं, मग गाडी पुढे ढकलायची म्हणजे त्याच रेघा चाक अर्धं फिरून पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येतात, तिथे परत मोजायचं. दोन मापांतला फरक हा टो. मी मोजलं तर पुढे 4 मिमी जास्त, म्हणजे टो-आऊट. स्टेअरिंग जरा हलवून सरळ करून परत मोजलं तर 9. काहीही न बदलता. तेव्हा मला खरं समजलं की आयडलर ढिला असताना कुठल्याही मशीनवर गाडी चढवली तरी ते माप त्या एका क्षणाचं आहे, गाडी खाली उतरली की गेलं. प्रामाणिक माणूस ढिल्या गाडीचं अलाइनमेंट करायला नकारच देतो.

तुमची गाडी असली वागत असेल तर गॅरेजला जायच्या आधी चाक उचलून हे बघा, फक्त जॅकच्या भरवशावर नाही, खाली स्टँड लावून, मागच्या चाकांना अडण लावून. चाक वर-खाली धरून (घड्याळातले 12 आणि 6) हलवा, प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्या खालच्या आर्मखाली लावायचा, चॅसीखाली लावला तर स्प्रिंगच्या ताणाने झिजलेला जॉइंट घट्ट भासतो आणि फसायला होतं. 9 आणि 3 ला धरून हलवलं की टाय रॉड, आयडलरकडचा ढिलेपणा समजतो. गाडी फक्त एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा, मग पुढची दोन टायरं अदलाबदल करून बघा, ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे. थोडं चालवून एक चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय.

आणि काम द्यायच्या आधी मोबाईलवर प्रत्येक स्प्लिट पिनचा, लॉक नटचा, शिमचा फोटो काढा, ते बघत असताना काढा. नटावर आणि रॉडवर मिळून पेंटची एक रेघ ओढा, नट फिरला की रेघ तुटते. जुने पार्ट परत मागा, आणि जो पार्ट गेलाय म्हणतील तो हलताना दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ केली तर चावी घ्या आणि निघा.

मी ते फोटो घेऊन त्या गॅरेजला परत गेलो. मालक आधी म्हणाला काम दुसऱ्या पोराने केलं, तो सोडून गेला. मी पिनांचे फोटो टेबलावर ठेवल्यावर पार्टचे पैसे परत दिले, अलाइनमेंटचे नाही दिले, म्हणाला मशीनवर तर चढवली होती ना. बॉक्सच्या स्क्रूबद्दल विचारलं तर उत्तरच नाही.

काकांनी आयडलर आर्म आणि डावा टाय रॉड एंड बदलला, स्क्रू मागे घेऊन नीट सेट केला, मग अलाइनमेंट एकदाच झालं, माझ्यासमोर. गाडी आता सरळ धावते, प्ले इंचभराच्या आत आलाय, टक्क आवाज गेला. पण उजवीकडे पूर्ण वळवताना बॉक्समध्ये एका जागी अजून खरखर लागते, आवळलेल्या अवस्थेत मी जी गाडी चालवली त्यात दात दुखावलेत असं काकांचं म्हणणं आहे. बॉक्स उघडावा लागणार आहे. तोपर्यंत दर आठवड्याला त्याचं तेल बघतो आणि घाटात व्हॅन नेत नाही.