ऑइल म्हणून ॲक्रिलिक गळ्यात मारलं, निसर्गचित्राच्या वर्कशॉपला जाण्याआधी वाचा

मंडळी, सह्याद्रीतलं गाव, मागे धुक्यातले डोंगर हे सगळं ऑइलमध्ये शिकवतो सांगून वाईजवळ निवासी वर्कशॉप घेणारे एक सर आहेत, नाव लिहीत नाही. फी साडेबारा हजार, मटेरियलसकट. तिथे पोचल्यावर कळलं मटेरियल म्हणजे एक कॅनव्हास आणि दोन नायलॉनचे ब्रश, रंगांचं 'इम्पोर्टेड' किट वेगळं, ६८०० रुपये, आणि घरून रंग आणलेत तरी ते चालणार नाहीत, का तर सगळ्यांचा टोन सारखा यायला हवा म्हणे.

किट उघडलं तर जवसाच्या तेलाचा वास नाही, टर्पेंटाइन नाही, टेबलावर पाण्याचे मग. विचारलं तर सर म्हणाले, "अहो मॅडम, वॉटर मिक्सेबल ऑइल आहे हे, बाहेर हेच वापरतात." आता असे रंग खरंच मिळतात, म्हणून सगळे गप्प बसले. पण ते पाण्याने धुतले जात असले तरी वाळतात ऑइलसारखेच सावकाश, हाताला न लागण्याइतके सुकायला दोन-चार दिवस तरी जातात. आमचं आकाश चहा येईपर्यंत खडखडीत! असं झटपट सुकतं ते पाण्यात कालवायचं ॲक्रिलिक.

ऑइल शिकायचं कशासाठी, तर लांबच्या डोंगराची निळसर कड ओल्या आकाशात हलकेच मिसळता यावी, धुकं दिसावं म्हणून, आणि इथे कडेवर ब्रश फिरवला की अर्धवट सुकलेल्या रंगाची साल निघायची, वर सर म्हणणार तुमचा हात जड आहे. खालचे थर टर्पेंटाइनमध्ये पातळ, तेल जास्त असलेले थर वर, हा ऑइलचा पहिला धडा, तो एकदाही त्यांच्या तोंडून निघाला नाही (निघेल कसा).

सगळ्यात वाईट वाटलं ते एका काकूंचं. त्यांनी मेणवलीच्या घाटाचं अर्धं झालेलं खरंखुरं ऑइल पेंटिंग सोबत आणलं होतं, मागचे डोंगर तेवढे जमत नव्हते, तर सरांनी आपल्या किटमधल्याच रंगांनी ते त्यावर काढून घेतले. ऑइलवर ॲक्रिलिक धरत नाही. काकूंनी परवा फोटो पाठवला, डोंगरांचे पापुद्रे सुटायला लागलेत.

रात्री ट्यूबवरचं लेबल नखाने उचकटलं तर खाली साध्या स्टुडंट ॲक्रिलिकचं लेबल. दाखवल्यावर 'सप्लायरचा घोळ', पैसे परत मागितल्यावर 'नॉन रिफंडेबल', बिल नाहीच, आणि जीपे भलत्याच माणसाच्या नावावर.

तेव्हा असलं काही बुक करताना रंगांचा ब्रँड आणि प्रकार व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, पक्कं बिल देणार का तेही तिथेच विचारा. चांगल्या ट्यूबवर पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा कोड असतो, खरा कोबाल्ट ब्लू म्हणजे पीबी २८, आणि नावापुढे 'ह्यू' असेल तर तो दुसऱ्या, बहुतेक वेळा स्वस्त पिगमेंटने जमवलेला, त्याला आर्टिस्ट ग्रेडचा भाव देऊ नका. शंका आली तर थोडा रंग प्लास्टिकच्या झाकणावर लावून दोन तास ठेवा, प्लास्टिकसारखी फिल्म सोलून निघाली की समजा ॲक्रिलिक आहे.

मी १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीये, ट्यूबचे आणि पेमेंटचे फोटो जोडलेत, अजून उत्तर नाही. सरांनी मला ग्रुपमधून काढलंय, पण दिवाळीनंतर भोरला नवी बॅच लावलीये असं कळलं म्हणून हे आजच टाकतेय.