धातुकांची पेटी: घ्या, पण लोहचुंबक जवळ ठेवून

शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य गेलं, पण लोखंडाचा मूळ दगड कधी हातात आला नव्हता. आमच्याकडं फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, येतं ते स्क्रॅप, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि पोत्यातनं फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू). नातीच्या शाळेतल्या प्रोजेक्टसाठी शहरातल्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातनं बारा धातुकांची, म्हणजे ज्यातनं धातू काढतात त्या दगडांची, पेटी आणली, साडेनऊशे रुपयांना, आणि तिच्यापेक्षा जास्त वेळ मीच त्यात डोकं घालून बसलो.

माल चांगला आहे. गॅलेनाचा तुकडा तर लई भारी. एवढासा, पण हातात घेतल्यावर वजन कळतं. पाण्याच्या साडेसातपट जड. चकचकीत करडा, आणि कडेचा कपचा उडाला तरी चौकोनीच उडतो. शिसं 86 टक्के. लेबलवर तेवढंच लिहिलंय. पण हुपरीच्या पैंजणांसाठी लागते त्या चांदीचा बराचसा भाग जगात अशाच शिसं-जस्ताच्या खाणींतनं निघतो, राजस्थानात तर नक्कीच, हे कोल्हापूरच्या पोराला सांगायला नको का? एक ओळ जादा छापायला काय जात होतं.

स्फॅलेराइटचा दगड तपकिरी, राळेसारखा चमकतो. जस्ताचा. ज्यानं पितळ ओतलंय त्याला तो पांढरा धूर ठाऊक असतो. तांबं वितळायच्या आधीच, 907 अंशाला, जस्त उकळतं. म्हणूनच जस्त गाळणं अवघड, भट्टीत त्याची वाफच होऊन जाते. राजस्थानात झावरला जुन्या कारागिरांनी मातीच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली थंड करून धरली. असले दगड बघितले की आपल्या धंद्याबद्दल जरा आदर वाटतो.

आता खोट. हेमेटाइट आणि मॅग्नेटाइट या लोखंडाच्या दोन दगडांची लेबलं अदलाबदल झालेली. दोन्ही काळपट, नुसत्या नजरेनं फसाल. चुंबकाला घट्ट चिकटतं ते मॅग्नेटाइट. नातीनं फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं आणि ओरडली, "आबा, हे उलटं लावलंय!" मग फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर दोन्ही घासले. एकाची रेघ लालसर तपकिरी, ते हेमेटाइट. दुसऱ्याची काळी, ते मॅग्नेटाइट. दुकानदारानं पेटी बदलून द्यायची तयारी दाखवली, पण आम्ही चिठ्ठ्याच बदलल्या. पेटी बनवणाऱ्यानं चुंबक आणि घासायची फरशी आत द्यायलाच पाहिजे. दोन्ही मिळून पन्नास रुपये होत नाहीत.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. चाल्कोपायराइटवर 'तांबे 34.6 टक्के' असं छापलंय. ते शुद्ध खनिजाचं झालं. मध्य प्रदेशात मलांजखंडला जो दगड फोडतात त्यात तांबं साधारण एक टक्का. म्हणजे शंभर टन दगडातनं जेमतेम टनभर. हा फरक सांगितला नाही तर पोराला वाटणार, दगड भट्टीत टाकला की तिसरा हिस्सा तांबं! फौंड्रीत असा यील्डचा, म्हणजे मालातनं किती धातू हाती येतो त्याचा, हिशेब कुणी मांडला असता तर सुपरवायझरनं गेटबाहेर काढला असता.

बॉक्साइट ठिपकेदार, मातकट, दिसायला सगळ्यात गरीब. तो कुठला आहे हे पेटीवर लिहिलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर हा दगड आहे. त्यातनं कॉस्टिक सोड्यानं अल्युमिना (अल्युमिनियमची पांढरी भुकटी, ऑक्साइड) काढायचा, मग विजेवर धातू. दोन टन अल्युमिन्यातनं एक टन अल्युमिनियम आणि वर तेरा-चौदा हजार युनिट वीज. आमच्या इंडक्शन फर्नेसचं, म्हणजे विजेवरच्या भट्टीचं, बिल त्यापुढं किरकोळ.

पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीजचा दगड, बोटं काळी करतो, गॅलेना हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे. पेटीवर ही सूचना नाही, तुम्हीच पोरांना सांगा. थर्माकोलचे कप्पे सैल आहेत, पेटी आडवीच ठेवा.

साडेतीन तारे. लेबलं सुधारली तर साडेचार.