कणकुंबी की हिडकल? दोघांसाठी दोन दिवस

ह्यांना गळ टाकून बसायचा नाद, मला चालायचा. त्यामुळे दर हिवाळ्यात दोन दिवस तंबू घेऊन निघायचं म्हटलं की आमच्यापुढे हाच प्रश्न येतो.

चालण्याला कणकुंबीच! मलप्रभेचा उगम तिथलाच. बेळगावहून जांबोटीमार्गे तासाभरात पोचता येतं. सकाळी धुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावरची गार हवा अंगावर घेत चालणं म्हणजे जीव निवतो. पण शेजारीच भीमगड अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, मासेमारीचं तर नावच नको. अस्वल आणि गवे आहेत, म्हणून तंबूही रानात न ठोकता गावातल्या कुणाच्या तरी अंगणात विचारून ठोकावा. पावसाळ्यात जळवा पायाला चिकटतात, मीठ-तंबाखूची पुरचुंडी जवळ हवीच.

हिडकलही बेळगाव जिल्ह्यातलंच, तिथे घटप्रभेवरचं धरण. पाणी अफाट. चालायला संकेश्वरजवळचा वल्लभगड आहे, पण तो चढ लहान, सकाळीच संपतो. गळाला मात्र हीच जागा. धरणाच्या भिंतीपासून लांब, फुगवट्याच्या, म्हणजे मागे साठलेल्या पाण्याच्या, काठाला बसावं. आधी तिथल्या मच्छीमारांना विचारावं, जलाशयातल्या मासेमारीवर त्यांची पोटं चालतात. कणकेत हळद-हिंग मळून केलेली गोळी ह्यांची आवडती. शेतकऱ्याला विचारून बांधावर तंबू टाकला की रात्र निवांत जाते.

दोनच दिवस असतील तर मी हिडकलच सांगेन, चालण्याची हौस थोडी मारून. मागच्या खेपेला पहाटे गळाचा तरंगता बोया बुडाला तेव्हा ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता, गळ सोडून!