जुन्या ऑफिसवाल्या पीसीत कुठलं कार्ड टाकायचं? ग्राफिक्स, एसएसडी, यूएसबी आणि वायफाय, सगळं समोरासमोर

लॅमिंग्टन रोडला, नेहरू प्लेसला नाहीतर ऑनलाइन, रिफर्बिश्ड म्हणून जे पीसी मिळतात ते बहुतेक ऑफिसांमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी कॉम्पॅक असतात, आणि घरचा जुना असेंबल पीसी उघडला तर आत जी४१ किंवा एच६१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचा) मदरबोर्ड निघतो. मशीन चांगलं चालत असतं, फक्त एखादी गोष्ट कमी पडते, मुलाला गेम खेळायचाय, कुणाला व्हिडिओ एडिट करायचाय, कुणाला दोन मॉनिटर लावायचेत. मग लोक थेट कार्डाचं नाव शोधायला लागतात आणि तिथेच पैसे फुकट जातात. माझं म्हणणं एवढंच की कार्ड शेवटी निवडायचं, आधी कॅबिनेट उघडून बघायचं, कारण जुन्या पीसीत काय चालेल हे कार्डापेक्षा डबाच जास्त ठरवतो.

उदाहरण म्हणून ऑप्टिप्लेक्स ७०१० घेऊ, २०१२ चं मॉडेल, क्यू७७ चिपसेट, आत बहुतेक वेळा आय५ ३४७०. हाच पीसी मिनी टॉवर म्हणूनही येतो आणि आडवा बारीक एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) म्हणूनही, आणि कार्डांच्या बाबतीत ही दोन अगदी वेगळी मशीन आहेत. एसएफएफमध्ये फक्त अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड बसतं, आणि बऱ्याच एसएफएफ डब्यांत मोठ्या स्लॉटच्या अगदी शेजारी एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) नाहीतर पत्रा येतो त्यामुळे दोन स्लॉट जाडीचं कार्ड लो प्रोफाइल असूनही आत जात नाही. पट्टी घेऊन मोजा, हे सगळ्यात आधी. कार्डासोबत छोटी ब्रॅकेट बॉक्समध्ये आहे का तेही विचारा, सेकंडहँडमध्ये ती हमखास हरवलेली असते.

दुसरं म्हणजे स्लॉट. ७०१० एसएफएफमध्ये दोन लांब स्लॉट दिसतात, दोन्ही एक्स१६ सारखेच, पण एकालाच १६ लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, जोडलेल्या असतात, दुसऱ्याला फक्त ४. आणि लेनचा स्पीड स्लॉटच्या, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या, पिढीवर ठरतो. पीसीआय एक्सप्रेस १ मध्ये एका लेनला सेकंदाला २५० एमबी, २ मध्ये ५००, ३ मध्ये साधारण ९८५. जी४१ चा ग्राफिक्स स्लॉट पहिल्या पिढीतला (१.१). ७०१० मध्ये आय५ ३४७० असेल तर मुख्य स्लॉट ३.० चालतो, पण त्याच बोर्डावर आय५ २४०० असेल तर तोच स्लॉट २.० वर येतो. म्हणजे बोर्ड तोच, प्रोसेसर बदलला की स्पीड बदलला. कार्ड मात्र पिढी वेगळी असली तरी बसतं आणि चालतं, फक्त हळू चालतं. पांढरा जुना पीसीआय स्लॉट हा वेगळाच प्रकार, त्यात एक्सप्रेसचं कार्ड बसतच नाही.

तिसरं वॉट. ७०१० एसएफएफचा एसएमपीएस २४० वॉटचा आहे, मिनी टॉवरचा २७५. पुढच्या ९०२० मध्ये एसएफएफला २५५ आणि टॉवरला २९०. त्यात ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी ६ पिनची वायर येत नाही, म्हणून जे काही मिळेल ते स्लॉटमधूनच, आणि नियमाप्रमाणे एक्स१६ स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट. छोट्या डब्यांच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा याहून कमीही दिलेली असते. "एसएमपीएस बदलून टाकू" असं दुकानदार सहज म्हणतो पण एसएफएफमध्ये बाजारातला नेहमीचा एसएमपीएस मावत नाही आणि ९०२० ला तर मदरबोर्डचा पॉवर कनेक्टरच ८ पिनचा आहे, नेहमीचा २४ पिनचा नाही.

आता ग्राफिक्स कार्डं.

एनव्हिडियाची जीटी ७१० आणि जीटी ७३०, सगळ्यात स्वस्त, सगळीकडे मिळतात. दुसरा मॉनिटर लावायचाय किंवा मदरबोर्डचा डिस्प्ले पोर्ट गेलाय एवढ्यासाठीच घ्या, गेमसाठी मुळीच नको. जीटी ७३० या एका नावाखाली तीन वेगळी कार्डं विकली गेली, एक जुन्या फर्मी चिपचं ९६ कोअरचं, आणि दोन त्यानंतरच्या केप्लर चिपची ३८४ कोअरची, त्यातलं एक डीडीआर३ आणि एक जीडीडीआर५. फर्मीवाल्याला नवीन ड्रायव्हर २०१८ पासूनच बंद, केप्लरचेही २०२१ मध्ये ४७० सिरीजवर थांबले. या कार्डांचा एक खरा फायदा म्हणजे बऱ्याच मॉडेलवर व्हीजीए पोर्ट असतो. जुना व्हीजीए मॉनिटरच वापरायचा असेल तर हे महत्त्वाचं आहे, कारण नवीन कार्डांवर व्हीजीए नसतो आणि डीव्हीआय-डी (फक्त डिजिटल) पोर्टला साधा स्वस्त कन्व्हर्टर चालत नाही, अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

जीटी १०३० हे एसएफएफवाल्यांचं आवडतं. २०१७ चं कार्ड, ३० वॉट, लो प्रोफाइल, पंखा नसलेलंही मिळतं. यूट्यूबचा व्हीपी९ फॉरमॅटचा व्हिडिओ कार्डच डिकोड करतं (उलगडून दाखवतं) त्यामुळे जुन्या आय५ वरचा ताण खूप उतरतो. पण इथेही नावाचा घोळ आहे, २०१८ मध्ये याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं आणि त्याची मेमरी बँडविड्थ (मेमरीचा वेग) सेकंदाला १६.८ जीबी, जिथे जीडीडीआर५ वाल्याची ४८ जीबी. जवळपास तिप्पट फरक आणि बॉक्स दिसायला सारखाच! म्हणून बॉक्सवर जीडीडीआर५ असं स्पष्ट वाचल्याशिवाय घेऊ नका. आणखी एक, यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ फाइल तयार करणारा भाग) नाही, म्हणजे ओबीएस या सॉफ्टवेअरने स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा एडिटिंगचं एक्स्पोर्ट करायचं असेल तर हे कार्ड काही मदत करणार नाही.

त्याच डब्यात बसणारं आणि माझ्या मते जास्त चांगलं म्हणजे एनव्हिडियाची टी४००, टी६००, टी१००० ही वर्कस्टेशनवाली कार्डं. तिन्ही लो प्रोफाइल, तिन्ही एकाच स्लॉटची, वॉट अनुक्रमे ३०, ४० आणि ५०. एन्कोडर आहे, चिप जीटी १०३० पेक्षा नव्या ट्युरिंग पिढीची आहे. ही गोष्ट आता जास्त महत्त्वाची झालीय कारण जीटी १०३० आणि १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतली आहेत त्यांचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट. या टी सिरीजची अडचण एकच, मागे सगळे पोर्ट मिनी डिस्प्ले पोर्ट, तेव्हा एचडीएमआय मॉनिटरसाठी कन्व्हर्टरचा खर्च आधीच धरा. एसएफएफ असेल आणि थोडं गेमिंग, थोडं एडिटिंग करायचं असेल तर मी डोळे झाकून टी६०० सांगेन, बजेट असेल तर टी१०००. एसएफएफमध्ये ५० वॉटच्या वर जाऊच नये असं माझं मत आहे, नुसता एसएमपीएस पुरला म्हणून होत नाही, त्या बारीक डब्यात गरम हवा जायला जागाही नसते.

मिनी टॉवर असेल तर मग जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० दोन्ही येतात, दोन्ही ७५ वॉट, फक्त वेगळी पॉवर वायर नसलेलंच मॉडेल घ्यायचं, कारण काही कंपन्यांनी त्याच चिपवर ६ पिन लावून कार्ड काढलंय. दोन्हीत १६५० घ्या, ड्रायव्हरसाठी पण आणि ताकदीसाठी पण. २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० ६ जीबी ७० वॉटमध्ये चालतं, पण आय५ ३४७० सोबत कार्ड बराच वेळ प्रोसेसरची वाट बघत बसेल. पुढे पीसी बदलणार आणि कार्ड तिकडे नेणार असाल तरच घ्या.

एएमडीचं आरएक्स ६४०० कागदावर जुन्या पीसीसाठीच बनवल्यासारखं दिसतं, ५३ वॉट, लो प्रोफाइल, एका स्लॉटचंही मिळतं. पण त्याला फक्त ४ लेन आहेत आणि ते पीसीआय एक्सप्रेस ४.० साठी बनवलंय. ३.० स्लॉटमध्ये ते अर्ध्या वेगावर येतं, आणि आय५ २४०० असेल तर २.० मुळे सेकंदाला २ जीबीवर. ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो तो यामुळे. शिवाय एन्कोडर यातही नाही. इंटेलची आर्क ए३१०, ए३८० मात्र जुन्या पीसीसाठी नकोच, एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटसाठी कितीही चांगली असली तरी. त्यांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर वापरा म्हणतं, आणि त्याशिवाय परफॉर्मन्स खूपच पडतो. जी४१ सारख्या जुन्या बायोसवाल्या (बायोस म्हणजे पीसी सुरू करणारा प्रोग्राम) बोर्डावर तर नवीन कार्ड लावल्यावर काळी स्क्रीनच येऊ शकते, कारण नवीन कार्डांत बऱ्याचदा फक्त यूईएफआयचा, म्हणजे बायोसच्या नव्या प्रकाराचा, प्रोग्राम असतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृत नाही, म्हणून बरेच जण लिनक्स मिंटकडे वळलेत. त्यांच्यासाठी एएमडीचं आरएक्स ५५० सोयीचं, ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. फक्त व्हीपी९ डिकोड त्यात नाही हे लक्षात ठेवा.

आणि टॅली, श्रीलिपीमधलं डीटीपी, ब्राउझर एवढंच काम असेल तर ग्राफिक्स कार्ड घेऊच नका, ते पैसे एसएसडीत घाला.

एसएसडीत प्रश्न येतो साटा (वायरने जोडायची) की कार्डावरची एनव्हीएमई (थेट पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी). ७०१० मध्ये साटा ३ चे पोर्ट आहेत, सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जातात, वायर लावली की झालं, विंडोजही त्यावरूनच सुरू होतं. एनव्हीएमई अॅडॉप्टर कार्ड ४ लेनच्या स्लॉटमध्ये टाकलं तर वेग याच्या दुप्पट-तिप्पट मिळतो, पण या काळातल्या बायोसला एनव्हीएमईवरून बूट करता येत नाही, तेव्हा ती फक्त डेटा ठेवायला. एडिटिंगच्या फाइल्स, मोठे प्रोजेक्ट यांना तेही पुष्कळ उपयोगी आहे. पण एक्स१ स्लॉटवाला छोटा अॅडॉप्टर अजिबात नको, २.० च्या एका लेनला कागदावरच ५०० एमबी, म्हणजे साध्या साटापेक्षाही हळू. एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराची) साटा एसएसडी या अॅडॉप्टरमध्ये चालत नाही, आकार तोच असला तरी. एच६१ वर साटा २ च आहे म्हणून लोक साटा ३ चं एक्स१ कार्ड घेतात, त्यात मला अर्थ वाटत नाही, जुन्या हार्डडिस्कवरून एसएसडीवर आलात तो फरकच एवढा मोठा असतो की पुढचा फरक रोजच्या कामात कळत नाही.

यूएसबी ३ चं कार्ड ७०१० ला लागत नाही, चिपसेटमध्येच आहे. एच६१ किंवा जी४१ ला घ्या. कार्डावर पॉवरचा जादा कनेक्टर असलेलं बघा, कारण यूएसबी ३ चा एक पोर्ट ४.५ वॉट मागू शकतो आणि पोर्टेबल हार्डडिस्क अचानक डिसकनेक्ट होण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

वायफायला डोंगलपेक्षा कार्ड बरं, अँटेना बाहेर येते. इंटेल एएक्स२०० असलेलं घ्या. एएक्स२०१ किंवा २११ स्वस्त मिळालं तरी सोडा, ती इंटेलच्या नवीन ठरावीक चिपसेटवरच चालतात, जुन्या पीसीत ओळखलीच जात नाहीत. आणि ब्लूटूथ हवं असेल तर मदरबोर्डवर यूएसबीचा ९ पिनवाला हेडर (वायर लावायच्या पिना) रिकामा आहे का ते बघा, ब्लूटूथ त्या वायरवरूनच चालतं, हेडर भरलेला असेल तर नुसतं वायफाय मिळेल.

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताना दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून दाखवायला सांगा. जुन्या जीटीएस ४५० चा बायोस बदलून ती १०५० टीआय म्हणून विकली गेलीत, जीपीयू-झेड अशा कार्डापुढे फेक असं दाखवतं. त्याच स्क्रीनवर मेमरीचा प्रकार आणि किती लेनवर, कुठल्या पिढीवर कार्ड चालतंय तेही दिसतं. हे आकडे बघताना कार्डावर थोडा लोड द्या, रिकामं असताना ते वीज वाचवायला खालच्या पिढीवर गेलेलं असतं.