प्लग्ड इन : सिनेमात नेमकं काय आहे ते सांगणारी ख्रिस्ती समीक्षासेवा

'प्लग्ड इन' ही अमेरिकेतल्या 'फोकस ऑन द फॅमिली' या इव्हॅन्जेलिकल (बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहातल्या) संस्थेची मोफत सेवा आहे. जेम्स डॉब्सन यांनी ही संस्था १९७७ मध्ये स्थापन केली. सिनेमा, मालिका, गाणी, व्हिडिओ गेम असं सगळं इथे तपासलं जातं.

समीक्षेचे रकाने ठरलेले आहेत: चांगल्या गोष्टी, आध्यात्मिक आशय, लैंगिक आशय, हिंसा, शिव्या, दारू-ड्रग्ज, इतर आक्षेपार्ह बाबी आणि शेवटी निष्कर्ष. शिव्या मोजलेल्या असतात. देवाचं किंवा येशूचं नाव नुसता उद्गार म्हणून किती वेळा आलं, तेही लिहिलेलं असतं. बाहेरच्याला हा कीस काढणं वाटेल. पण देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक आहे, त्यामुळे श्रद्धाळू घरात 'ओ माय गॉड' हे शिवीइतकंच खटकतं. जादूटोण्यावरच्या आक्षेपामागे बायबलमधल्या 'अनुवाद' (इंग्रजीत Deuteronomy) या पुस्तकाचा अठरावा अध्याय आहे. जे शुद्ध, जे सत्य त्याचंच मनन करा, हा आग्रह बायबलमधल्याच 'फिलिप्पैकरांस पत्र' यातला (४:८). श्रद्धाळूंच्या अशा विरोधाला निव्वळ सोवळेपणा म्हणणाऱ्यांनी हे रकाने एकदा नीट वाचावेत. कोणाला काय खुपतं आणि का, याचा इतका स्वच्छ हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडतो.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅथलिकांची 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही संघटना सिनेमांना ए, बी, सी असे शिक्के मारत असे. सी म्हणजे निषिद्ध, आणि असे सिनेमे टाळण्याची शपथ लोक घेत. 'प्लग्ड इन'मध्ये बंदीचा शिक्का नाही, निर्णय आईवडिलांवर सोडलेला आहे. ही मोठी जमेची बाजू.

खटकतं ते मोजमापच. युद्धपटातलं रक्त आणि भयपटातलं रक्त एकाच रकान्यात शेजारी बसतं. मालिकेतल्या खलनायकाने केलेली देवाची थट्टा आणि लेखकाला अभिप्रेत असलेली थट्टा, आकड्यात दोन्ही सारखीच दिसतात. संदर्भ असतो तो बहुतेक निष्कर्षात. शिवाय कथा सविस्तर सांगितलेली असल्याने शेवटही आधीच फुटतो.

म्हणून निष्कर्ष आधी वाचावा, मग आपल्या घरात ज्याची काळजी आहे तेवढेच रकाने पाहावेत. सिनेमा स्वतः बघायचा असेल तर सुरुवातीचा कथाभाग सोडून द्यावा. कितव्या वर्षापासून दाखवावा याचा थेट आकडा हवा असेल, तर जोडीला 'कॉमन सेन्स मीडिया' ही वेबसाइट उघडावी. तिथे वयाची शिफारस असते.